पंपाचा रोजा

रमजानातल्या दुपारी मी घरात असून नसते. टाकव्याच्या आमच्या घरात खिडकीशी टेबल आहे, टेबलावर लॅपटॉप आणि लॅपटॉपमध्ये अमेरिका. पहाटे खाल्लेली दूधभाकरी पोटातून कधीच विरून गेलेली असते, बाहेर मार्चचं ऊन धरणाच्या पाण्यावर थरथरत असतं, आणि माझ्यासमोर ओहायोतल्या कुठल्याशा म्हातारीच्या कमरेचे कागद उघडे असतात. तिच्याकडे बर्फ पडत असतो. डोळे मिटले की तो बर्फ मला आमच्या अंगणात पडताना दिसतो, त्यातून रतनमावशींच्या कोंबड्या पाय उचलत चाललेल्या दिसतात, आणि मग मान एका बाजूला कलंडून मी दचकून जागी होते. कुणी विचारलं तर मी कामच करत असते.

माझं काम मेडिकल कोडिंगचं. तिकडच्या दवाखान्यात डॉक्टरने काय केलं ते वाचायचं आणि त्याला ठरलेला कोड लावायचा, म्हणजे विमा कंपनीला त्याचं बिल जातं. माझ्या वाट्याला पाठीचे पंप आले आहेत. पोटाच्या कातडीखाली एक चपटी डबी बसवतात, तिच्यातून बारीक नळी मणक्यात जाते आणि त्या नळीतून औषध थेंबाथेंबाने, दिवसरात्र झिरपत राहतं. काही महिन्यांनी औषध संपत आलं की कातडीतून सुई घालून डबी पुन्हा भरायची. आता पंप नुसता तपासला तर एक कोड. तपासून औषधाचा वेग बदलला तर दुसरा. वर तो भरलाही असेल तर तिसरा, आणि भरायला खुद्द डॉक्टरचा हात लागला असेल तर चौथा. डॉक्टर लोक यातलं काहीही धड लिहीत नाहीत. 'पंप बघितला, रुग्ण बरा' एवढं खरडून मोकळे होतात. बघितला म्हणजे काय केलंत बाबांनो? रोज्यात कुणाला शिव्या घालू नयेत, म्हणून मी त्या मनातल्या मनात घालते.

आणि असाच एक पंप शेजारच्या खोलीत, माझ्या सासऱ्यांच्या पोटात होता.

अब्बा, म्हणजे फकरुद्दीन, रेल्वेत खंडाळ्याच्या घाटात गँगमन होते. रुळावर सुटू पाहणारे दगड आधीच पाडून टाकायचे, हे त्यांचं काम. असाच एक दगड पाडताना ते स्वतः खाली आले आणि कमरेखालचं अंग गेलं. गेलं म्हणजे शांत झालं असतं तरी बरं, पण त्यांचे पाय आपोआप ताठ व्हायचे, गुडघे एकमेकांवर आपटायचे, पोटऱ्यांना असा पीळ पडायचा की एवढा दांडगा माणूस उशी दातात धरून पडायचा. त्याच्या गोळ्या होत्या. अब्बा त्या पहाटे सहरीला आणि संध्याकाळी रोजा सोडताना घ्यायचे. मधला अख्खा दिवस पाय त्यांचा छळ मांडायचे, पण रोजा शाबूत राहायचा. गेल्या दिवाळीच्या सुमारास पुण्याच्या एका हॉस्पिटलात त्यांना पंप बसवला. स्नायू सैल करणारं औषध थेट मणक्यात. पाय गोगलगाईसारखे मऊ झाले. आम्हाला वाटलं, सुटलो.

तर यंदा रमजान लागायच्या आधी त्यांनी मला हाक मारली.

"रुखसार, ह्यो दिवसभर चालूच असतुय का?"

"चालूच असतो, अब्बा."

"पहाटं बंद करून सांजंला चालू न्हाई का करता येत?"

"तो काय पाण्याचा नळ आहे?" मी म्हटलं. मला हसू येत होतं. त्यांना येत नव्हतं.

"म्हंजे मी दिसभर काय ना काय घेतच असनार. मग रोजा कसला?"

माझा नवरा इर्शाद त्यांना गाडीत घालून मौलानांकडे घेऊन गेला. मौलाना म्हणाले, आजारी माणसाला सूट आहे, आणि हे काही तोंडावाटे जाणारं अन्न नाही, तुम्ही मनात किंतु आणू नका. अब्बा परत आले ते आणखी घुश्शात. "सूट देतुय म्हनं. सूट मागितली कुनी?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नमाज मी खुर्चीवर बसून पढतो. मशिदीत जायला दोन मानसं लागत्यात. हजचं नाव काढायला नगं. रोजा तेवढा मी उभ्या मानसावानी करतो. त्यो बी ह्या डबीला देऊ का?"

मी उठून भांडी घासायला घेतली.

पंप रिकामा होऊ द्यायचा नाही, औषध संपत आलं की तो आतून वाजायला लागतो, हे डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं होतं. औषध एकाएकी तुटलं तर अंग आधी खाजतं, मग पाय लाकडासारखे होतात, ताप चढतो, भ्रम होतो, आणि माणूस जाऊही शकतो. अब्बांनी तेव्हा मान हलवली होती. पंप भरायची तारीख रमजानात येत होती. त्याची चौकशी केली तेव्हा ते म्हणाले, "त्यांनी ईदंच्या म्होरं, ईद झाल्याव बोलीवलंय." इर्शादला लोणावळ्यात पर्यटकांच्या गाडीवरून श्वास घ्यायला फुरसत नाही आणि मी ओहायोत असते. आम्ही मान डोलावली. अब्बा कधी खोटं बोलत नाहीत, हे आम्ही इतकं धरून चाललो होतो की ते बोलले तर किती सफाईने बोलतील याचा विचारच केला नव्हता.

त्या गुरुवारी दुपारी खिडकीत रतनमावशींचा चेहरा दिसला. रतनबाई आमच्या शेजारच्या. भातखाचरांचा मोठा बारदाना, चार सुना, पण दुपारच्या वेळी येऊन बसणार अब्बांच्या खाटेशी. दोघांचा एकच विषय, उपास. मावशींचे वारांचे उपास, चतुर्थी, नवरात्र. अब्बा म्हणायचे, तुमचा उपास म्हंजे साबुदान्याची चैन. त्या म्हणायच्या, तुमचा म्हंजे सांजंला सनच असतो. असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललेलं. त्या खिडकीतून माझ्याकडे कधीच बघत नसत.

"पोरी, मी तुला सांगनार न्हवते," त्या म्हणाल्या. "पर भाऊ आज मला गेणू म्हनून हाक मारत्यात."

गेणू अब्बांच्या गँगमधला. त्याला जाऊन खूप वर्षं झाली.

"काय सांगणार नव्हतात, मावशी?"

"त्यांच्या पोटात यंतर वरडतंय. आधी कवातरी वरडायचं, आता सारकं वरडतंय. त्ये आलं का भाऊ रेडू मोठा करत्यात. मला म्हनले, रतनबाई, माझा नेम हाय, कुनाला बोलू नगा. आता दुसऱ्याचा नेम आपून कसा मोडायचा? म्या आपली गप."

मी जागी होते की बर्फातच होते, मला कळेना. रेडिओ गेले काही दिवस मोठ्याने लागत होता खरा. मी त्यावर चिडून दारही लावून घेत होते.

खोलीत गेले. रेडिओवर शेतीचा कार्यक्रम चालला होता. मी तो बंद केला आणि त्या शांततेत अब्बांच्या पोटातून ते ऐकू आलं, बारीक, दोन सुरांचं, एखादं चिमुकलं पाखरू कातडीखाली अडकल्यासारखं. अब्बा फणीने पोटऱ्या खाजवत होते. पोटऱ्यांवर रक्ताच्या रेघा उमटल्या होत्या. पाय ताठ, एकमेकांना घट्ट धरलेले. कपाळाला हात लावला तर तापलेलं.

"अब्बा, भरायची तारीख कधीची होती?"

"ईदंच्या म्होरं."

"खरं सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे लालबुंद, पण हसरे. "होऊन गेली. म्या फोन करून सांगितलं, दुसरीकडं भरतो म्हनून. थोडंच दिस ऱ्हायल्यात रोज्याचं. रिकामा झाला म्हंजे रोजा चोख."

मला सगळ्यांचा राग आला. त्यांचा, स्वतःचा, मावशींचा, त्या रेडिओचा. मावशी दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी हॉस्पिटलला फोन लावला. तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुन्या गोळ्या घरात असतील तर आत्ता द्या आणि एक क्षण न दवडता घेऊन या, औषध मी काढून ठेवते. गोळ्या होत्या. अब्बांनी तोंड मिटून घेतलं. मी विनवलं, ओरडले, गोळी ओठांवर टेकवली. ज्या माणसाने उशी दातात धरून दिवस काढले त्याचं तोंड कोण उघडणार? शेवटी इर्शादला फोन केला. त्याने गिऱ्हाइकांना लायन्स पॉइंटवर दुसऱ्याच्या गाडीत बसवलं आणि सुसाट आला. मावशींच्या दोन सुनांनी आणि आम्ही मिळून अब्बांना उचललं. कान्हे फाट्याला आम्ही हायवेला लागलो.

मागच्या सीटवर अब्बांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ऊन रस्त्यावर वितळत होतं, दोन्ही बाजूंना पळस पेटलेला, आणि अब्बा म्हणत होते, "धुकं लय उतरलंय. गेणू, हळू चाल. फुडलं काय दिसत न्हाई." काच खाली करून त्यांनी हात बाहेर काढला, धुक्याची ओल बघतात तसा. मग तो हात माझ्या गालाला लावला. मला तो खरंच गार लागला. रोज्याने, भीतीने, कशाने कोण जाणे, पण वडगावच्या पुढे मलाही रस्त्यावर पांढरं काही तरंगताना दिसू लागलं, आणि त्यातून मालगाडीला मागून रेटणारी इंजिनं धापा टाकत वर चढताना ऐकू येऊ लागली. अब्बा त्यांना दाद देत होते, "चल, चल, आता थोडंच ऱ्हायलं." इर्शाद समोर बघून गाडी चालवत होता आणि त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता.

त्या गुंगीतही माझं डोकं सवयीने कोड शोधत होतं. अशा माणसासाठी आमच्याकडे कोड आहे: रुग्णाने औषध जाणूनबुजून कमी घेतलं. त्याचे दोन प्रकार. पैसे नसल्यामुळे, किंवा इतर कारणाने. हा कोड मी कितीतरी अमेरिकनांना लावला होता आणि दरवेळी मनात म्हटलं होतं, काय मूर्ख माणसं आहेत. इतर कारण म्हणजे नेमकं काय, ते लिहायला त्यात जागा नसते. माझ्या मांडीवर ते इतर कारण पाय ताणून पडलं होतं आणि त्याला चटके बसण्याएवढा ताप होता.

सोमाटणे फाट्याला गाड्या तुंबल्या. गुरुवार असल्याने शिरगावच्या साईबाबांच्या देवळाकडे जाणारी माणसं रस्ताभर पसरली होती. टेम्पो, पायी चाललेल्या टोळ्या, खांद्यावर झेंडे. इर्शादने हॉर्नवर हात दाबून धरला. अब्बांनी मान उचलून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आली समदी गँग. झेंड्या दाखवत्यात. कुटंतरी दगूड पडलाय."

"अब्बा, पडून राहा."

"मला उतरू दे. मी गेल्याबगर न्हाई हलायचा त्यो."

झेंडेवाल्यांतल्या एका पोक्त माणसाने खिडकीतून आत डोकावलं, अब्बांचे ताठलेले पाय बघितले आणि काही न विचारता मागे वळून ओरडला. माणसं बाजूला झाली, टेम्पो कडेला गेले, झेंडे दोन्ही अंगांना राहिले आणि त्यांच्या मधून आमची गाडी निघाली. अब्बांनी पडल्या पडल्या त्या सगळ्यांना सलाम केला.

हॉस्पिटलात सगळं तयार होतं. डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी सदरा वर केला, कातडीखालच्या डबीचा गोल उठाव दिसला, त्यावर औषध चोळलं, सुई उचलली. आणि अब्बांनी दोन्ही हात पोटावर ठेवले.

"मगरिबला भरा, दिस बुडाल्यावर."

ताप त्यांना मधेच सोडून देत होता. तेव्हा ते स्वच्छ बोलत होते आणि तेच जास्त भयंकर होतं.

"आजोबा, तोपर्यंत उशीर होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हात काढा."

इर्शादने हात ओढायला घेतले, तर त्या त्याच्यावर ओरडल्या. झटापट नको. सुई त्या डबीच्या नेमक्या मध्यावर जायला हवी. ती चुकली आणि औषध कातडीखाली सांडलं, तर एवढ्या दिवसांचं औषध एकदम अंगात जाईल. झोपेचं औषध द्यावं तर श्वास आधीच धड नव्हता. त्यांनी स्वतः शांत पडलं पाहिजे. इर्शाद भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याला रडताना बघत होते.

मी अब्बांच्या कानाशी वाकले. माझ्याकडे जे होतं तेच काढलं. "अब्बा, माझ्या कामात प्रत्येक गोष्टीचं खातं ठरलेलं असतं. खाणं-पचवणं एका बाजूला. हा पंप त्यात नाही. तो मज्जासंस्थेत आहे, नसांच्या खात्यात. जगभर असंच मोजतात. हे खाणं नाही."

अब्बा विचारात पडले. मला वाटलं, पटलं.

"त्या मोजनाऱ्यांनी," ते म्हणाले, "रोजं धरल्यात का?"

घड्याळाकडे बघायचं मी टाळलं. त्यांचे पाय एकदम उचलले गेले आणि खाटेच्या लोखंडावर आपटले. पंप ओरडला. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे आता तू काहीतरी कर.

खिडकीत कुणाचीतरी पाण्याची बाटली होती. मी ती उचलली, बूच काढलं आणि अब्बांच्या डोळ्यांसमोर घटाघटा पाणी प्यायले. पाणी कोमट होतं आणि पहाटेपासून कोरड्या पडलेल्या घशाला ते इतकं गोड लागलं की मला त्याची लाज वाटली.

"रुखसार!"

मी बाटली खाली घेतली.

"काय केलंस गं ह्ये?"

"तुमचा जातोय, तर माझाही गेला."

"मुद्दाम? मुद्दाम मोडलास?" त्यांनी मान उचलली. "त्याची फेड ठावं हाय का तुला? लागोपाठ दोन महिनं रोजं. उनाळ्याचं."

"ठाऊक आहे." मी पुन्हा बाटली तोंडाला लावली.

"आगं नगं! बास कर पोरी, बास!"

माझ्या हातातली बाटली ओढायला त्यांनी हात पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी तो हळूच पकडला आणि माझ्या हातात दिला. दुसरा हात त्यांनी स्वतःच उचलला आणि डोळ्यांवर घेतला.

"भरा म्हनावं," ते त्या हाताखालून म्हणाले. "लवकर भरा. न्हाईतर ही काय थांबायची न्हाई."

सुई आत गेली. डॉक्टरीणबाईंनी उरलंसुरलं बाहेर ओढून बघितलं, काहीच नव्हतं, मग नवं औषध सावकाश भरलं आणि वेग लावला. हे सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने केलं. मला तेव्हा चौथा कोड आठवला नाही, हे मी शपथेवर सांगते. अब्बा रात्रभर बडबडले आणि सकाळी त्यांचे पाय एकमेकांपासून सुटले.

ईद झाली आणि मी फेड सुरू केली. ऊन वाढत गेलं, धरणाचं पाणी आत आत सरकलं, ओहायोत बर्फ संपून झाडांना पालवी फुटल्याचं कुणी कुणी डॉक्टरांशी बोललेलं कागदांत येऊ लागलं. मी दुपारभर तरंगत असायची. इर्शाद म्हणायचा, एवढा ताप करून घ्यायची काय गरज होती, नुसता पाण्याचा बहाणा करायचा होतास. मी त्याला म्हटलं, तुझा बाप खोट्या घोटाला फसला असता का?

अब्बा माझ्याशी बोलत नव्हते. म्हणजे पाणी दे, दार लाव, एवढं बोलायचे, पण तोंड फिरवून. मला ते फार लागायचं. ज्या माणसाला वाचवलं त्याच्याच घरात मी चोरासारखी वावरत होते. मग एका संध्याकाळी मी अंगणात चटई टाकून, खजुरांची ताटली घेऊन बांगेची वाट बघत बसले होते, तर रतनमावशी ताकाचा तांब्या घेऊन आल्या आणि फणकाऱ्याने म्हणाल्या, "तुझं रोजं म्हनून मी धाडते ती दुपारची भाकर भाऊंनी कालधरनं तशीच परत धाडलीया. इचारलं तर म्हनत्यात, कुनाला बोलू नगा. म्या आता कुनाचं ऐकायची न्हाई."

मी उठले. अब्बा चाकाच्या खुर्चीत बसून दारापर्यंत आले होते.

"अब्बा, तुम्ही जेवला नाहीत?"

"रोजा हाय."

"कुणाचा?"

"माझा. हॉस्पिटलात बुडालं त्ये भरून काढतुय. डॉक्टरीनबाईला इचारलंय म्या. पानी सांजंला भरपूर घ्या म्हनली."

"आणि पंप?"

"चालू हाय."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. पंप चालू असताना हा रोजा धरला जातो का, हे मला विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता.

"बगतीस काय?" ते म्हणाले. "त्यो त्याचं काम करतुय, मी माझं करतुय. कबूल करायचं का न्हाई त्ये वरचा ठरवंल. तुझं अमेरिकावालं न्हाईत आन मी बी न्हाई."

बांग झाली. मी ताटली त्यांच्यापुढे धरली, कारण आमच्यात मोठ्यांनी आधी घ्यायचं असतं. त्यांनी एक खजूर उचलला, बी काढली आणि माझ्या हातावर ठेवला.

"आदी तू," ते म्हणाले. "तू माझ्यापायी मोडलास."

मी तो तोंडात घातला आणि तिथेच, मावशींच्या देखत, रडायला लागले.